मूठभर तांदूळ आणि आवडीचा ठराव
कै. कामराज यांच्या लोकसेवेचे स्मरण

मुंबईहून मद्रासकडे जाणारी आगगाडी सोलापूर, वाडी, रायचूर, गुंटकल अशी स्थानके मागे टाकीत रेणिगुंट्यास वळते आणि पुढे अरक्कोणमला येते. तेथून चेन्नई फार दूर राहत नाही. प्रवासी सामानाची आवराआवर करू लागतात, मुले खिडकीशी गर्दी करतात, आणि शेवटचे वीस-पंचवीस किलोमीटर उरले असता एका स्थानकाची पाटी डोळ्यांसमोरून सरकते : आवडी. मराठी वाचकाला हे नाव वाचताच आपलेसे वाटते. आपल्या अभंगांतून आणि ओव्यांतून ‘आवडी’ हा शब्द आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. या तमिळ गावाच्या नावाशी त्या शब्दाचे काही नाते नाही. तरीसुद्धा या गावाशी आपले, म्हणजे सर्व भारतीयांचे, एक नाते आहे, आणि ते आपल्या मुलांच्या शाळेपर्यंत येऊन पोचलेले आहे.

१९५५ सालच्या जानेवारी महिन्यात याच आवडीच्या माळावर काँग्रेसचे साठावे अधिवेशन भरले होते. अध्यक्ष होते ढेबरभाई. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू उपस्थित होते. त्या अधिवेशनात जो ठराव झाला, तो ‘आवडीचा ठराव’ म्हणून इतिहासात नोंदला गेला आहे. ज्या राज्यात हा सोहळा झाला, त्या मद्रास राज्याच्या मुख्यमंत्रिपदावर त्या वेळी एक उंच, सावळे, धिप्पाड गृहस्थ होते. अंगात अर्ध्या बाह्यांचा सैल खादीचा सदरा, कमरेला धोतर, खांद्यावर पंचा, असा त्यांचा वेष असे. शालेय शिक्षण सहाव्या इयत्तेपर्यंत आणि बोलणे अगदी मोजके. त्यांचे नाव कुमारस्वामी कामराज. तमिळ जनता त्यांना ‘पेरुंतलैवर’, म्हणजे थोर नेता, असे म्हणत असे आणि आजही म्हणते.

सभेत ठराव मांडणे, त्याला टाळ्या मिळणे आणि तो छापून निघणे हे नित्याचेच आहे. पुष्कळ ठराव दप्तरांत धूळ खात पडतात. परंतु एखाद्या ठरावाचा अर्थ भुकेल्या मुलाच्या ताटात दिसू लागावा, असे क्वचित घडते. कामराजांच्या हातून ते घडले. त्यांच्या जीवनाकडे या दृष्टीने पाहिले, तर लोकसेवा कशाला म्हणावे या प्रश्नाचे उत्तर आपल्याला मिळू शकेल.

मुठीमुठीने उभी राहिलेली शाळा

कामराजांचा जन्म १५ जुलै १९०३ रोजी विरुदुनगर येथे झाला. मदुराईच्या दक्षिणेस असलेले हे व्यापारी गाव त्या काळी विरुदुपट्टी या नावाने ओळखले जाई. वडील कुमारस्वामी नाडार, आई शिवकामी अम्माळ. नाडार समाजाचा मूळ व्यवसाय ताडाच्या झाडांवर अवलंबून होता. एकोणिसाव्या शतकात या समाजाला अनेक देवळांत प्रवेश नव्हता आणि सार्वजनिक ठिकाणी अपमान सोसावा लागे. या अन्यायाला त्या समाजाने दोन मार्गांनी उत्तर दिले. पहिला मार्ग व्यापाराचा, आणि दुसरा शाळेचा.

विरुदुनगरच्या नाडार मंडळींनी ‘क्षत्रिय विद्याशाळा’ नावाची शाळा काढली. तिच्या खर्चाची तजवीज मोठी हृद्य होती. घरातली गृहिणी रोजचा भात शिजत घालण्यापूर्वी एक मूठ तांदूळ बाजूला काढून ठेवी. असे मुठीमुठीने जमलेले तांदूळ शाळेसाठी गोळा केले जात. म्हणून लोक तिला ‘मूठभर तांदळाची शाळा’ म्हणत. वाचकहो, ही कथा ऐकताना आपल्याला कर्मवीर भाऊराव पाटील यांची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतील मुलांसाठी साताऱ्याकडच्या खेड्यापाड्यांतील मायबहिणींनी अशीच मूठ-मूठ धान्याची भर घातली होती, आणि त्या ‘मुष्टिफंडा’वर किती तरी मुले शिकून मोठी झाली. दोन ठिकाणे शेकडो मैल दूर, भाषा वेगळ्या, परंतु गरिबाने गरिबासाठी शाळा चालविण्याची रीत एकच.

छोटा कामराज याच शाळेत शिकला. पण शिक्षण फार काळ लाभले नाही. सहा वर्षांचा असतानाच त्याचे वडील वारले. आईने आपले दागिने देऊन घर चालविले. थोड्याच वर्षांत मुलाला शाळा सोडून मामाच्या कापडाच्या दुकानात बसावे लागले. मुठीमुठीच्या तांदळाने शाळा उभी राहिली होती. पण घरची चूल पेटत नसेल तर शाळेचे दार उघडे असूनही मूल आत येऊ शकत नाही, हा धडा त्याला पुस्तकातून शिकावा लागला नाही. पुढील सगळ्या कर्तृत्वाचे बीज या अनुभवात आहे.

अरक्कोणमचे स्थानक आणि अमरावतीचा तुरुंग

दुकानात बसलेल्या या मुलाचे मन गिऱ्हाइकांपेक्षा वर्तमानपत्रांत आणि सभांत अधिक रमे. १९१९ साली जालियनवाला बागेच्या बातमीने तो हादरला आणि वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास काँग्रेसचा स्वयंसेवक झाला. राजकारणापासून दूर राहावा म्हणून नातलगांनी त्याला त्रिवेंद्रमला दुसऱ्या मामाच्या लाकडाच्या वखारीत धाडले, तर तेथे तो वैक्कमच्या सत्याग्रहात जाऊन मिसळला. देवळाभोवतीच्या रस्त्यावरून सर्वांना चालता यावे, यासाठी तो सत्याग्रह होता. १९३० मध्ये राजाजींच्या नेतृत्वाखाली वेदारण्यमला मिठाचा सत्याग्रह झाला, त्यात कामराजांना पहिल्यांदा तुरुंगवास घडला. त्यानंतर पारतंत्र्याच्या काळात त्यांना वारंवार कैद झाली आणि आयुष्याची एकंदर आठ-नऊ वर्षे तुरुंगात गेली. विवाह त्यांनी केला नाही.

या काळात त्यांना एक मार्गदर्शक लाभले, ते म्हणजे विद्वान आणि वक्तृत्वनिपुण नेते एस. सत्यमूर्ती. १९३६ साली सत्यमूर्ती तमिळनाडू काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तेव्हा कामराज चिटणीस होते. चार वर्षांनी कामराज अध्यक्ष झाले आणि गुरूने आनंदाने शिष्याच्या हाताखाली चिटणिसाचे काम पत्करले. गुरुशिष्यांच्या नात्यात असा प्रसंग विरळाच.

१९४१ मधील एक गोष्ट त्यांच्या स्वभावावर चांगला प्रकाश टाकते. ते वेल्लोरच्या तुरुंगात असताना विरुदुनगरच्या नगरपालिकेने त्यांना अध्यक्ष निवडले. सुटून आल्यावर ते सभेला गेले आणि तेथेच त्यांनी पदाचा राजीनामा दिला. ज्या पदाचे काम आपल्याकडून पुरेपूर होणार नाही, ते पद अडवून बसू नये, अशी त्यांची धारणा होती. ही धारणा त्यांनी पुढे फार मोठ्या पदाच्या बाबतीतही पाळली, हे आपण पाहणारच आहोत.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, त्या वेळी कामराज मुंबईत होते. परतताना त्यांनी ओळखले की, मद्रासच्या स्थानकावर पोलीस आपली वाट पाहत असणार. म्हणून मद्रासपर्यंत न जाता ते अरक्कोणमलाच उतरले. आरंभी सांगितलेले अरक्कोणम ते हेच. तेथून ते वेल्लोर, तंजावर, तिरुचिरापल्ली, मदुराई असे फिरले, कार्यकर्त्यांना लढ्याचा निरोप पोचवला, आणि काम संपल्यावर विरुदुनगरला आपल्या घरी जाऊन स्वतः पोलिसांना निरोप धाडला की, आता मला नेण्यास हरकत नाही. या अटकेनंतरचा काही काळ त्यांनी आपल्या वऱ्हाडातील अमरावतीच्या तुरुंगात काढला. सत्यमूर्तींनाही अमरावतीलाच आणले होते. तेथे त्यांची प्रकृती ढासळली आणि मार्च १९४३ मध्ये मद्रास येथे त्यांचे निधन झाले. कामराज मात्र १९४५ सालापर्यंत बंदिवासात होते.

शाळेचे दार आणि घरची चूल

१३ एप्रिल १९५४ रोजी कामराज मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या आधी राजाजी मुख्यमंत्री होते. राजाजींनी १९५३ मध्ये प्राथमिक शिक्षणाची एक नवी योजना आणली होती. शाळेचे तास कमी करावेत आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा, असा तिचा आशय होता. शाळा थोड्या आणि मुले फार, या अडचणीतून वाट काढण्याचा त्यांचा हेतू होता. परंतु न्हाव्याच्या मुलाने वस्तरा आणि कुंभाराच्या मुलाने चाकच धरावे, असा तिचा अर्थ लोकांनी घेतला आणि राज्यभर क्षोभ उसळला. अखेर राजाजींनी पद सोडले. कामराजांनी सत्तेवर येताच ती योजना रद्द केली.

त्यांचे मंत्रिमंडळ अवघे आठ जणांचे होते. नेतेपदाच्या निवडणुकीत ज्यांनी त्यांच्याविरुद्ध लढत दिली, त्या सी. सुब्रमण्यम यांना त्यांनी मंत्रिमंडळात घेतलेच, वर शिक्षण आणि अर्थ यांसारखी महत्त्वाची खाती दिली. हेच सुब्रमण्यम पुढे देशाचे अन्नमंत्री झाले आणि हरितक्रांतीच्या शिल्पकारांत गणले गेले. देवळांचा कारभार पाहणारे खाते कामराजांनी दलित समाजातील मंत्र्याकडे सोपविले. ज्यांच्या पूर्वजांना देवळाच्या उंबरठ्यावर अडविले जाई, त्यांच्यापैकी एकाचे स्वागत आता त्याच देवळात व्हावे, यात कामराजांची दृष्टी दिसून येते. याविषयी त्यांनी भाषणे मात्र केली नाहीत. कोणी गाऱ्हाणे घेऊन आले की ते शांतपणे ऐकून घेत आणि एकच शब्द उच्चारीत : ‘पार्क्कलाम’, म्हणजे ‘पाहू या’. अधिकारी वर्गाला ठाऊक होते की, या ‘पाहू या’नंतर मुख्यमंत्री खरोखरच पाहतात.

बंद पडलेल्या शाळा त्यांनी पुन्हा उघडल्या आणि मुलाला पायी जाता येईल इतक्या अंतरावर शाळा असावी, असे धोरण ठेवून हजारो नव्या शाळा काढल्या. फी टप्प्याटप्प्याने माफ होत गेली आणि त्यांच्या कारकिर्दीअखेर शालान्त वर्गापर्यंतचे शिक्षण विनामूल्य झाले. आपल्याकडे शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ सालीच सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले होते, आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना गरीब कुटुंबांतील मुलांना फी-माफी मिळाली. या परंपरेशी परिचित असलेल्या वाचकांना कामराजांचा मार्ग ओळखीचाच वाटेल.

आवडीच्या माळावर

मुख्यमंत्री होऊन नऊ महिने होतात न होतात तोच आवडीच्या अधिवेशनाचे यजमानपद त्यांच्याकडे आले. आवडी हे त्या काळी शहराबाहेरचे मोकळे ठिकाण होते. दुसऱ्या महायुद्धापासून तेथे लष्कराचा तळ होता. अधिवेशनासाठी वसविलेल्या नगरीला ‘सत्यमूर्तीनगर’ असे नाव देण्यात आले. आपल्या गुरूच्या नावाच्या नगरीत शिष्य देशाचे स्वागत करीत होता.

ठरावाचा आशय थोडक्यात असा : देशाच्या योजना समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचे उद्दिष्ट ठेवून आखल्या जाव्यात, उत्पादनाची मुख्य साधने समाजाच्या मालकीची किंवा त्याच्या नियंत्रणाखाली असावीत, उत्पादन उत्तरोत्तर वाढावे आणि राष्ट्राच्या संपत्तीची न्याय्य वाटणी व्हावी. दुसरी पंचवार्षिक योजना आणि १९५६ चे औद्योगिक धोरण या दिशेनेच आखले गेले.

या ठरावाचे एक फळ आवडीच्या आसपासच दिसू लागले. त्याच लोहमार्गावर पेरांबूर येथे रेल्वेचे डबे बांधणारा कारखाना २ ऑक्टोबर १९५५ रोजी सुरू झाला आणि तेथून निघालेले डबे आपल्या मराठी मुलुखातील रुळांवरूनही धावू लागले. नेवेलीचा लिग्नाइट कोळसा, तिरुचिरापल्लीची अवजड यंत्रसामग्री, गिंडीची औद्योगिक वसाहत, वैगई, सात्तनूर, मणिमुत्तारु येथील धरणे ही सर्व या काळातील कामे होत. खुद्द आवडी येथे रणगाडे बांधण्याचा कारखाना उभा राहिला आणि १९६५ साली ‘विजयंत’ हा भारतात बांधलेला पहिला रणगाडा तेथून बाहेर पडला. जेथे एके काळी अधिवेशनाचा मंडप होता, ते आवडी आता औद्योगिक नगर झाले असून २०१९ पासून तेथे महानगरपालिका आहे.

तथापि कारखाने आणि धरणे ही संपत्तीच्या निर्मितीची बाजू झाली. ठरावात वाटणीचीही गोष्ट होती, आणि ती अधिक कठीण होती. मद्रास राज्याने १९६१ साली जमीनधारणेवर तीस प्रमाणित एकरांची मर्यादा घातली, पण भूमिहीनांच्या हाती जी जमीन आली ती फार थोडी. कायद्यातील पळवाटा मोठ्या जमीनदारांनी शोधून काढल्या. कामराजांच्या कर्तृत्वाचा गौरव करताना ही उणीव झाकून ठेवण्याचे कारण नाही. मात्र वाटणीचा एक प्रकार असा होता, ज्याच्या आड कोणतीही पळवाट येऊ शकत नव्हती. तो म्हणजे मुलाच्या ताटातील भात.

दुपारचे जेवण

याविषयी तमिळनाडूत एक गोष्ट घरोघर सांगितली जाते. कामराज खेड्यांतून दौरा करीत असताना एका फाटकाजवळ त्यांची गाडी थांबली. शेजारी एक मुलगा गुरे राखीत होता. “शाळेत का जात नाहीस?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मुलाने उलट विचारले, “शाळेत गेलो तर जेवायला कोण देईल?” ही गोष्ट जशीच्या तशी घडली असो वा नसो, तिच्यातील प्रश्न खरा होता. विरुदुनगरच्या कापडाच्या दुकानात बसलेल्या पोराने तो स्वतःच्या आयुष्यात अनुभवला होता.

शाळेत जेवण देण्याची कल्पना अगदीच नवी नव्हती. मद्रास शहराच्या नगरपालिकेने १९२० नंतरच्या काळात आपल्या काही शाळांत ती करून पाहिली होती. परंतु सबंध राज्यात हे कसे करावयाचे? खर्चाचा आकडा पाहून पुष्कळांनी माना हलविल्या. धान्य कोठून आणावयाचे, स्वयंपाक कोणी करावयाचा, हिशेब कोणी ठेवावयाचा, शिक्षकांनी शिकवावे की वाढावे, असे प्रश्न पुढे आले. कामराजांनी या कामी सार्वजनिक शिक्षणखात्याचे संचालक एन. डी. सुंदरवडिवेलू यांचे सहकार्य घेतले. सुंदरवडिवेलूंनी गावोगाव शाळा-सुधार परिषदा भरविल्या. तेथे लोकांनी धान्य, भांडी, जागा, पैसे जे जमेल ते दिले. विरुदुनगरच्या गृहिणींची ती मूठ आता साऱ्या राज्याची झाली. पुढे सरकारने खर्चाचा वाटा उचलला आणि उरलेला भार गावाने सोसावा असे ठरले.

१९५६ साली एट्टयापुरम येथे या योजनेचा आरंभ झाला. एट्टयापुरम हे महाकवी सुब्रह्मण्य भारती यांचे जन्मगाव. भुकेचा आणि मानवी प्रतिष्ठेचा विचार ज्या कवीने आपल्या काव्यातून मांडला, त्याच्या गावी मुलांच्या पंगतीला सुरुवात व्हावी, हे औचित्याला धरूनच झाले.

या पंगतीचे महत्त्व केवळ पोट भरण्यापुरते नव्हते. निरनिराळ्या जातींची मुले एका ओळीत बसून, एकाच चुलीवर शिजलेले अन्न जेवू लागली. कायद्याच्या पुस्तकातील समता त्यांच्यासाठी रोजच्या सवयीची होऊ लागली. मोठ्यांच्या मनातील अढी लवकर सुटत नाही, हे खरे. अनेक ठिकाणी कुरबुर झाली, आणि अशी कुरबुर आपल्या देशात अजूनही कोठे कोठे ऐकू येते. परंतु ज्या मुलाने शेजाऱ्याच्या पानातील भात पाहत चार-पाच वर्षे काढली, त्याला उच्च-नीच शिकविणे थोडे अवघड जाते. पुढे १९६० च्या सुमारास गणवेषही देण्यात येऊ लागला. फाटका सदरा घालून येणाऱ्या मुलाला वर्गात मान खाली घालावी लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

खुर्ची सोडणारा मुख्यमंत्री

नऊ वर्षे मुख्यमंत्री राहिल्यावर, पद डळमळीत झालेले नसताना, कामराजांनी स्वतः होऊन ते सोडले. १९६३ साली त्यांनी नेहरूंना सुचविले की, ज्येष्ठ नेत्यांनी सत्तेची पदे सोडून पक्षाच्या आणि लोकांच्या कामाला लागावे. ही ‘कामराज योजना’ होय. तीनुसार केंद्रातील सहा मंत्र्यांचे आणि सहा मुख्यमंत्र्यांचे राजीनामे स्वीकारले गेले. त्यांत लालबहादूर शास्त्री, मोरारजी देसाई, जगजीवनराम यांच्याबरोबर मुंबईचे स. का. पाटीलही होते. या योजनेमागे इतर काही राजकीय हेतू होते, असे त्या वेळी अनेकांनी म्हटले आणि इतिहासकार आजही तो वाद करतात. त्या वादाचा निकाल येथे लावावयाचा नाही. ज्याने योजना सुचविली, त्याने पहिला राजीनामा स्वतःचा दिला, एवढे मात्र वादातीत आहे. तो दिवस २ ऑक्टोबर १९६३, गांधीजयंतीचा होता.

पुढे ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. नेहरूंच्या निधनानंतर १९६४ मध्ये शास्त्रीजींच्या, आणि शास्त्रीजींच्या निधनानंतर १९६६ मध्ये इंदिरा गांधींच्या निवडीत त्यांनी प्रमुख भूमिका बजावली. पंतप्रधानपदाचा विचार त्यांच्या स्वतःच्या नावासाठीही झाला होता. पण त्यांनी तो मनावर घेतला नाही.

यानंतर त्यांच्या जीवनातील सर्वांत कठोर प्रसंग आला. १९६५ साली हिंदीच्या प्रश्नावरून मद्रास राज्यात विद्यार्थ्यांचे प्रचंड आंदोलन झाले. धान्याची टंचाईही लोकांना भेडसावत होती. १९६७ च्या निवडणुकीत राज्यातील काँग्रेसचा पराभव झाला. खुद्द कामराज आपल्या जन्मगावी, विरुदुनगरला, द्रविड मुन्नेत्र कळघमच्या एका तरुण विद्यार्थी-नेत्याकडून पराभूत झाले. हा घाव कसा होता, याची कल्पना करा. ज्याने लाखो मुलांना शाळेच्या बाकावर बसविले, त्याला त्या पिढीच्याच एका तरुणाने हरविले. पण, वाचकहो, जरा थांबून विचार केला तर यात केवळ दैवाचा क्रूर विनोद दिसत नाही. मुलांना शिकवावे ते त्यांनी आपल्यालाच मते द्यावीत म्हणून नव्हे, तर त्यांनी स्वतःच्या डोक्याने विचार करावा म्हणून. विरुदुनगरच्या मतदारांनी आपल्या डोक्याने विचार केला. कामराजांनी तो कौल मानला आणि निकालाबद्दल लोकांना दोष दिला नाही. दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, ते नागरकोइलमधून लोकसभेवर निवडून आले.

मागे काय उरले

काँग्रेसच्या फुटीनंतर ते संघटना काँग्रेसमध्ये राहिले. १९७५ च्या जूनमध्ये देशात आणीबाणी आली. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी, पुन्हा गांधीजयंतीच्याच दिवशी, मद्रास येथे वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९७६ मध्ये राष्ट्राने त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ अर्पण केले. चेन्नईच्या गिंडी भागात, गांधीमंडपाच्या आवारात, त्यांचे स्मारक आहे. ज्यांच्याशी त्यांचे आयुष्यभर मतभेद होते, त्या राजाजींचे स्मारकही त्याच आवारात आहे.

मुख्यमंत्री, पक्षाध्यक्ष आणि पंतप्रधानांची निवड करणारा नेता अशी पदे भूषविलेल्या या पुरुषाची शेवटची वस्ती मद्रासच्या त्यागरायनगरातील भाड्याच्या घरात होती. मागे राहिले ते थोडे कपडे, काही पुस्तके आणि किरकोळ रोकड. आई विरुदुनगरच्या जुन्या घरातच राहिली. तिला ते दरमहा ठरावीक रक्कम पाठवीत. मुख्यमंत्र्याची आई म्हणून तिच्यासाठी निराळी सोय त्यांनी होऊ दिली नाही.

परंतु त्यांची खरी मिळकत निराळीच होती. त्यांचा पक्ष १९६७ साली राज्यातील सत्तेवरून गेला, पण दुपारचे जेवण गेले नाही. ज्यांनी त्यांना हरविले होते, त्यांनीच ते चालू ठेवले. एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये त्याला पोषक आहार योजनेचे विस्तृत स्वरूप दिले. पुढील सरकारांनी त्यात अंड्यांची भर घातली, आणि २०२२ मध्ये प्राथमिक शाळांतील मुलांसाठी सकाळच्या न्याहारीचीही योजना सुरू झाली. २००६ साली द्रमुकच्याच सरकारने कामराजांचा जन्मदिवस, १५ जुलै, हा ‘शिक्षण-विकास दिन’ म्हणून साजरा करण्याचे ठरविले.

राष्ट्रीय पातळीवर १५ ऑगस्ट १९९५ पासून शालेय पोषण आहाराचा कार्यक्रम सुरू झाला. आरंभी अनेक राज्यांत मुलांना केवळ कोरडे धान्य घरी नेण्यास दिले जाई. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्नच द्यावे, असा आदेश दिला. त्यानंतर आपल्या महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शाळांतूनही दुपारच्या वेळी खिचडीचा वास दरवळू लागला. आज ‘पीएम पोषण’ या नावाने हा कार्यक्रम देशभर चालतो.

एखाद्या लोकनेत्याचे मोठेपण मोजण्याचे माप कोणते? त्याच्या अनुयायांनी केलेली स्तुती हे माप फारसे विश्वासाचे नाही. पुतळे आणि रस्त्यांना दिलेली नावे ही तर आणखीच तोकडी मापे होत. त्याने सुरू केलेले काम त्याच्या विरोधकांनाही बंद करावेसे वाटले नाही, उलट वाढवावेसे वाटले, हे माप आम्हांला अधिक खरे वाटते. त्या मापाने पाहता कामराज आपल्या काळातील अगदी थोड्या पुरुषांपैकी एक ठरतात.

वाचकहो, आपल्या गावातील शाळेत दुपारची घंटा होते तेव्हा मुले ताटल्या घेऊन ओळीने बसतात. त्या अन्नात कधी मीठ कमी असते, कधी डाळ पातळ असते, कधी तांदूळ वेळेवर येत नाही. अशा वेळी मुलांच्या आईवडिलांनी शाळेत जाऊन विचारणा करावी, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला हजर राहावे, आणि जमल्यास परसातील चार भाज्याही द्याव्यात. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना त्यांचे मानधन वेळेवर मिळते ना, याचीही चौकशी करावी. ही योजना एकट्या सरकारची कधीच नव्हती. विरुदुनगरच्या आणि साताऱ्याच्या मायबहिणींनी बाजूला काढलेल्या मुठीपासून तिचा आरंभ झाला आहे. ती मूठ आपल्या घरातूनही निघत राहिली, तर कामराजांचे स्मरण आपण योग्य रीतीने केले, असे म्हणता येईल.